संडास तुंबला? आधी विचारा, 'कधीपासून?'

शीर्षक वाचून नाक मुरडू नका. होस्टेलच्या मेसमध्ये जेवताना आपण ज्या विषयांवर गप्पा मारतो त्यापेक्षा हा विषय बराच स्वच्छ आहे! आणि तसंही, सिव्हिलची पोरं चार वर्षं धरणं, पूल आणि फ्लायओव्हर शिकतात, पण घरी गेल्यावर आई विचारते, "अगं, तू इंजिनिअरिंग करतेस ना, मग आपल्या कमोडचं पाणी हळू का जातंय ते सांग बरं." तिथे आपली बोलती बंद. हा लेख त्या प्रश्नासाठी.

पाणी हळू जायला लागलं की घराघरांत काय होतं ते ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी कोणीतरी ॲसिडची बाटली ओततं. दुसऱ्या दिवशी वायर घालून ढोसतात. चौथ्या दिवशी प्लंबर येतो, आत डोकावतो आणि म्हणतो, "फोडावं लागेल." मग नव्या फरशीसकट सगळं फोडलं जातं, हजारो रुपये जातात, आणि बऱ्याचदा दोष भलतीकडेच असतो. सर्किट चालत नसेल तर आपण लॅबमध्ये सगळे कॉम्पोनंट एकदम बदलतो का? आधी सप्लाय बघतो, मग एकेक टप्पा तपासतो. इथेही तेच लॉजिक. फक्त मल्टिमीटरच्या जागी बादली.

आधी बेसिक फंडा क्लिअर करू. कमोडच्या मागची टाकी काही मैला 'खेचून' नेत नाही. आपल्याकडच्या बहुतेक कमोडमध्ये टाकीतलं पाणी एकदम भांड्यात येतं, भांड्यातली पातळी वाढते, आणि त्या पाण्याच्या धक्क्याने सगळं वाकड्या नळीवरून पलीकडे ढकललं जातं. ही वाकडी नळी म्हणजे ट्रॅप. तिच्यात कायम थोडं पाणी साचून राहतं, साधारण ५० मिलिमीटर उंचीचं. त्याला 'वॉटर सील' म्हणतात. एवढंसं पाणी गटारातला वास आणि वायू घरात येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळं बनवणाऱ्या माणसाने १७७५ मध्ये इंग्लंडमध्ये अशा वाकड्या नळीच्या संडासाचं पेटंट घेतलं. (थॉमस क्रॅपरने कमोडचा शोध लावला असं आपल्याला सगळ्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. ते खरं नाही. त्याचा जन्मच पुढच्या शतकातला.) ट्रॅपचा पाइप जमिनीत उतरत असेल तर 'एस ट्रॅप', भिंतीतून बाहेर जात असेल तर 'पी ट्रॅप'. नावं आकारावरूनच पडली आहेत.

ट्रॅपच्या पुढे चार इंची पाइप, मग घराबाहेरचा चेंबर, मग एक-दोन आणखी चेंबर, आणि शेवटी नगरपालिकेची ड्रेनेज लाइन किंवा आपली स्वतःची सेप्टिक टँक. शिवाय एक पाइप गच्चीच्या वर उघडा सोडलेला असतो, तो व्हेंट पाइप. पाणी खाली जायचं तर हवेला जागा पाहिजे. पाण्याने भरलेल्या नळीचं वरचं तोंड अंगठ्याने बंद केलं की पाणी पडत नाही, हा प्रयोग आपण सगळ्यांनी शाळेत केलाय. व्हेंट नसेल किंवा त्यात पक्ष्याने घरटं केलं असेल तर संडासाचं तसंच होतं: पाणी अडखळतं, 'गुडगुड' आवाज येतो, आणि कधीकधी ट्रॅपमधलं सीलचं पाणीच ओढलं जाऊन घरभर वास सुटतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करताना मधेमधे येतो म्हणून हा पाइप कापून वर वीट ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे.

आता पहिला प्रश्न: कधीपासून?

काल नीट होतं आणि आज अचानक तुंबलं, तर काहीतरी वस्तू गेली आहे. शाम्पूची पाकिटं, साबणाची वडी, गुटख्याच्या पुड्या, लहान मुलांची खेळणी, सॅनिटरी पॅड. पॅडबद्दल स्पष्टच लिहिते, कारण कोणीच लिहीत नाही. ते पाणी शोषून फुगण्यासाठीच बनवलेलं असतं. ट्रॅपच्या वळणात जाऊन ते नेमकं तेच करतं. 'फ्लश करता येतात' असं पाकिटावर लिहिलेले ओले वाइप्ससुद्धा कागदासारखे विरघळत नाहीत.

महिन्यामहिन्याने हळूहळू बिघडत गेलं असेल तर काहीतरी साचतंय. बोअरचं जड पाणी असेल तर कमोडच्या काठाखालच्या बारीक भोकांत पांढरे क्षार बसतात, पाणी जोरात येतच नाही, आणि आपल्याला वाटतं की 'जात' नाहीये. नाहीतर पाइपाच्या सांध्यातून झाडाची मुळं शिरलेली असतात. आणखी एक नवं कारण म्हणजे अति काटकसर. हल्लीच्या दोन बटणांच्या टाकीत मोठं बटण साधारण सहा लिटर आणि छोटं तीन लिटर पाणी सोडतं. छोटं बटण फक्त लघवीसाठी आहे. पाणी वाचवायचं म्हणून प्रत्येक वेळी तेच दाबलं किंवा टाकीत भरलेली बाटली ठेवून पाणी कमी केलं, तर मैला भांड्यातून जातो पण चेंबरपर्यंत पोचत नाही. मधेच पाइपात बसतो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा.

फक्त पावसाळ्यात त्रास होत असेल तर कमोडला हातही लावू नका. दोष बहुधा शोषखड्ड्यात आहे. सेप्टिक टँकमधून निघालेलं पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरायचं असतं. सांगली-सोलापूरकडची काळी माती ओली झाली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी मुरणं जवळजवळ थांबतं. कोकणात उलट: तिथला जांभा पाणी झटकन पितो, पण जुलैत जमिनीतल्या पाण्याची पातळीच इतकी वर येते की खड्ड्यातलं पाणी मुरायला जागा उरत नाही. दोन्हीकडे परिणाम सारखाच. शोषखड्डा भरला, म्हणून टाकी वर चढली, म्हणून चेंबर भरला, म्हणून कमोडचं पाणी सावकाश जातंय. दिवाळीपर्यंत सगळं आपोआप ठीक होतं आणि ऑगस्टमध्ये ज्याने ॲसिड ओतलं होतं तो सगळ्यांना सांगत फिरतो की माझ्या ॲसिडने झालं!

आणि चौथं उत्तर: "बसवल्यापासूनच असं आहे." हे उत्तर सगळ्यात इंटरेस्टिंग, आणि आपल्याकडे हा प्रकार भरपूर आढळतो.

आमच्या आजोळी आजीचे गुडघे दुखायला लागले म्हणून खाली बसायचं जुनं भांडं काढून कमोड बसवला. जुन्या भांड्याची पंचवीस वर्षांत एकदाही तक्रार नव्हती. कमोडचं पाणी पहिल्या दिवसापासून हळू. फ्लश केलं की पाणी काठापर्यंत चढायचं, सगळ्यांचा श्वास रोखलेला, मग एकदम 'गुडुक' असा मोठा बुडबुडा यायचा आणि पाणी खाली. वर्षभर ॲसिड झालं, टाकीचा वॉल्व्ह बदलला, शेवटी मामाने कमोडच बदलला. नवाही तसाच! आजी बिचारी फ्लश करायलाच घाबरायची. पाहुणे आले की आधीच सांगायची, "दोनदा ओढू नका हं."

मग गावातल्या एका वयस्कर प्लंबरकाकांना बोलावलं. त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीसुद्धा नाही. दारातच विचारलं, "हे कधीपासून आहे?" मग बाहेरचा चेंबर उघडला. आत स्वच्छ, कोरडा. चेंबरच्या बाजूने पाइपात बांबूची कामटी घातली, ती कमोडच्या खालपर्यंत सरळ गेली. मग मामाला म्हणाले, "जुनं भांडं काढलं तेव्हा त्याच्याखालचा ट्रॅप काढला होता का हो?" मामा मामीकडे बघायला लागला, मामी आजीकडे.

तर गंमत अशी. खाली बसायच्या भांड्याला स्वतःचा ट्रॅप नसतो. तो वेगळा असतो आणि भांड्याखाली जमिनीत पुरलेला असतो. कमोडच्या पोटात मात्र ट्रॅप आधीपासूनच असतो. मिस्त्रीने वरचं भांडं काढलं, खालचा ट्रॅप तसाच ठेवला आणि त्यावर कमोड बसवून पांढऱ्या सिमेंटने पॅक करून टाकला. म्हणजे एकामागे एक दोन ट्रॅप. दोन्हींत पाण्याचं सील, आणि दोन्हींच्या मधे कोंडलेली हवा. फ्लशचं पाणी आलं की ही हवा दाबली जाते, पण तिला जायला वाट नाही. ती पाण्याला अडवून धरते. कमोडमधली पातळी पुरेशी वर चढली, दाब वाढला, की मग ती हवा बुडबुड्याच्या रूपाने वर येते किंवा खालचं सील ढकलून पुढे जाते, आणि मगच पाणी वाहतं. तो 'गुडुक' आवाज म्हणजे पूर्ण निदान होतं! वर्षभर सगळ्यांनी तो ऐकला होता.

उपाय एकच: खालचा ट्रॅप काढून तिथे साधा बेंड किंवा सरळ पाइप जोडणं. (मधल्या हवेसाठी वेगळा व्हेंट काढणं पुस्तकात शक्य आहे, पण झालेल्या बाथरूममध्ये ते जास्त कटकटीचं.) म्हणजे इथे खरंच फोडावं लागलं. पण दोन फूट बाय दोन फूट, नेमक्या जागी, आणि एकदाच. तुमच्या घरी आजी-आजोबांसाठी कमोड बसवायचा बेत असेल तर सिमेंट कालवायच्या आधी मिस्त्रीला हा एक प्रश्न विचारून ठेवा: खालचा ट्रॅप काढला का? शक्य असेल तर फोटोही काढून ठेवा.

दुसरा प्रश्न: कुठपर्यंत?

यासाठी बादली. भांडं आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर हा प्रयोग करू नका, थोडं ओसरू द्या. मग अर्धी बादली, म्हणजे आठ-नऊ लिटर पाणी, थेट भांड्यात एका दमात ओता. झपकन गेलं तर पाइप मोकळा आहे, दोष टाकीत किंवा काठाच्या भोकांत आहे. टाकीचं झाकण उघडून पाण्याची पातळी आतल्या खुणेपर्यंत येते का ते बघा, फ्लोट अडकलाय का बघा. हे काम प्लंबरशिवाय होतं. बादलीचं पाणीही चढून राहिलं तर अडथळा पुढे आहे.

पुढे म्हणजे किती पुढे, ते चेंबर सांगतो. झाकण दोघांनी मिळून उघडा, उघडल्याबरोबर तोंड आत घालू नका, आणि जवळ काडी किंवा सिगरेट नको, कारण आतल्या वायूंत मिथेन असू शकतो. चेंबर कोरडा असेल तर अडथळा कमोड आणि चेंबर यांच्यामधे. भरलेला असेल तर चेंबरच्या पुढे. मग पुढचा चेंबर उघडा. भरलेला एक आणि रिकामा एक, या दोघांच्या मधे चोर बसलाय. बायनरी सर्च म्हणा हवं तर, कॉम्प्युटरवाल्यांना बरं वाटेल.

न्हाणीसुद्धा साक्षीदार असते, पण आधी बघा की न्हाणीचं पाणी जातं कुठे. जुन्या बांधकामात मैल्याचा पाइप आणि न्हाणीचा पाइप वेगळे असतात आणि बाहेर चेंबरमधेच भेटतात. काही घरांत न्हाणीचं पाणी सरळ परसात सोडलेलं असतं. दोन्ही एकाच चेंबरला येत असतील आणि दोन्हीकडे पाणी तुंबत असेल तर कमोड निर्दोष आहे, लाइन पुढे बंद आहे. अशा वेळी सगळ्यात आधी त्रास कोणाला? तळमजल्याला. मुख्य पाइप बंद झाला की वरच्या मजल्यांचं पाणी त्यात चढत जातं आणि जे तोंड सगळ्यात खाली आहे तिथून बाहेर येतं. दुसऱ्या मजल्यावर कोणी आंघोळ केली आणि तळमजल्याच्या न्हाणीत फेस आला, तर तळमजल्यावरच्यांनी काहीतरी टाकलं असेल असं म्हणून त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. होस्टेलच्या ग्राउंड फ्लोअरवाल्यांना हे वाक्य फ्रेम करून लावायला माझी परवानगी आहे.

सगळं मोकळं असूनही चेंबरपर्यंत मैला अडत असेल तर उतार तपासायला हवा. चार इंची पाइपाला साधारण चाळीसला एक उतार लागतो, म्हणजे सहा मीटर लांबीत पंधरा सेंटीमीटर. खालचा भराव नीट ठोकलेला नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत पाइप मधेच खचतो आणि तिथे पोट धरतो. त्या पोटात पाणी साचतं, पाण्यात गाळ. कितीही वेळा साफ करा, दोन महिन्यांनी पुन्हा तेच. इथे मात्र खणण्याला पर्याय नाही.

उपायांबद्दल थोडंच, कारण जागा सापडली की उपाय सोपा असतो. अडथळा ट्रॅपमधे असेल तर रबरी पंप. पंपाचं रबर पूर्ण बुडेल एवढं पाणी भांड्यात हवं, नाहीतर नुसती हवा दाबली जाते. आपण सगळे जोर लावून खाली दाबतो. खरं काम झटक्याने वर ओढण्याचं आहे, त्याने अडकलेली वस्तू हलते. पंप नसेल तर जाड फडकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दांड्याच्या टोकाला घट्ट बांधायचं, तोच पंप. न्हाणी त्याच पाइपाला जोडलेली असेल तर तिच्या जाळीवर ओलं फडकं दाबून धरायला एक माणूस लागतो. अडथळा पाइपात असेल तर स्प्रिंग किंवा कामटी, आणि शक्यतो चेंबरच्या बाजूने, म्हणजे कमोडला चरा पडत नाही. कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड कधीकधी काम करतं, पण उकळतं पाणी नको, चिनी मातीला तडा जातो.

आणि ॲसिड. ते क्षारांवरचं औषध आहे, काठाच्या भोकांसाठी ठीक. प्लास्टिक, कापड आणि पॅड त्याने विरघळत नाहीत. ओतलेलं ॲसिड तुंबलेल्या पाण्यात तसंच राहतं, आणि नंतर जो माणूस हात घालतो त्याचा हात भाजतो. त्याच भांड्यात आधी कोणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर क्लोरीन वायू तयार होतो, तोही बंद दाराच्या चार बाय तीनच्या खोलीत. सेप्टिक टँक असेल तर मैला कुजवणारे जिवाणूही त्यात मरतात. प्लंबर आला की त्याला "आम्ही काही टाकलेलं नाही" असं सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. प्लीज, खरं सांगा. काय टाकलं, किती टाकलं, कधी टाकलं.

आता टाकीबद्दल. "सेप्टिक टँक भरली" हे वाक्य तसं चुकीचं आहे, कारण ती कायम भरलेलीच असते. जेवढं पाणी आत येतं तेवढंच दुसऱ्या बाजूने बाहेर जातं. प्रश्न तळाच्या गाळाचा आणि वर तरंगणाऱ्या सायीचा असतो. तो थर वाढत गेला की आत येणाऱ्या पाइपाचं तोंडच बुजतं. म्हणून साधारण दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायची असते. आपण मात्र तुंबेपर्यंत वाट बघतो. वाई नगरपरिषदेने २०१८ मध्ये ठराविक वर्षांनी, तक्रारीची वाट न बघता, घरोघरीच्या टाक्या गाडीने उपसायची पद्धत सुरू केली, सिन्नरनेही केली.

टाकी फक्त गाडीने, पाइप टाकून उपसायची. माणूस आत उतरवायचा नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो हे आपण केमिस्ट्रीत पाठ केलं, पण प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घ्यायची ताकदच मारतो, हे त्याहून महत्त्वाचं. म्हणजे उतरलेल्या माणसाला वाटतं वास गेला, आता ठीक आहे, आणि पुढच्या काही क्षणांत तो कोसळतो. शिवाय आत ऑक्सिजन कमी. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण वाचतोच. २०१३ च्या कायद्याने गटारं आणि सेप्टिक टँकची अशी धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणं हा गुन्हा आहे, आणि तो घरमालकालाही लागू होतो. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती २०२३ मध्ये तीस लाख केली. "दोन हजार देतो, जरा उतरून बघ" असं आपल्या वडिलांनी किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी कोणाला म्हटलं तर तिथल्या तिथे अडवायचं. हे काम आपल्या वयाची पोरंच करतात.

शेवटी होस्टेलपुरतं. आपल्या तक्रार वहीत "टॉयलेट चोकअप, अर्जंट!!" असं पानोपानी लिहिलेलं असतं. त्यातून मेन्टेनन्सच्या काकांना काहीच कळत नाही, मग ते आधी कामटी घेऊन येतात आणि दोन दिवसांनी पुन्हा येतात. त्याऐवजी असं लिहा: कोणता मजला, कितवं दार, कधीपासून, अचानक की हळूहळू, बादलीने पाणी ओतल्यावर जातं की चढतं, शेजारच्या दोन संडासांचं काय, खालच्या मजल्यावर त्याच ओळीत त्रास आहे का, आवाज येतो का, ॲसिड टाकलंय का. दोन ओळी होतात. मी मेन्टेनन्सच्या काकांना विचारलं, ते म्हणाले, एवढं कोणी लिहिलं तर मी पहिल्यांदा त्याच दाराकडे जाईन.